एकच वाफ, चार वेळा

दसरा झाला की आमच्या देवळा भागात पारावर एक प्रश्न हमखास निघे: यंदा बॉयलर कधी पेटणार? बॉयलरचे अग्निप्रदीपन आणि पाठोपाठ गव्हाणीत पडणारी उसाची पहिली मोळी, साखर कारखान्याचे हे दोन्ही समारंभ दिवाळीच्या आगेमागेच येतात. लोहोणेरजवळ विठेवाडीला वसंतदादा पाटील सहकारी साखर कारखाना आहे. कसमादे पट्ट्यात त्याला नुसते 'वसाका' म्हणतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्याने बंद हंगाम पाहिले, तसे भाडेपट्ट्यावर चाललेलेही पाहिले. कारखान्यावर आमच्याकडे चर्चा होते ती कर्जाची, संचालकांची आणि भावाची. मी पेशाने भौतिकशास्त्राचा शिक्षक. मला वाटते, या चर्चेत एका गोष्टीची भर पडायला हवी, ती म्हणजे वाफेची.

लहानपणी मी गुऱ्हाळ पाहिले ते आजोबांच्या मळ्यात. चुलवाणावर काहील चढलेली, खाली चिपाडाचा जाळ आणि काठावर डोळे बारीक करून पाकाकडे बघणारा गुळव्या. काहिलीतून वाफेचे लोट उठत आणि आभाळात विरून जात. तो वास अजून नाकात आहे. त्या वाफेबरोबर काय निघून जात होते, हे मात्र कळायला बरीच वर्षे लागली.

1 किलो पाणी 30 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 70 किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी उकळून त्याची वाफ करायची तर आणखी 540 लागतात, म्हणजे सात-आठपट. ही उष्णता हरवत नाही, ती वाफेत दडून बसते. वाफ थंड पृष्ठभागावर निवून पुन्हा पाणी झाली की ती सगळी परत देते. गुऱ्हाळात ती परत घेणारे कोणीच नसते.

आता कारखान्याचा हिशेब पाहू. 100 टन उसातून, गाळताना शिंपडलेले पाणी धरून, जवळजवळ 100 टनच रस निघतो. त्यात विरघळलेले घन पदार्थ साधारण 15 टन. साखरेचे दाणे धरण्यापूर्वी हा रस आटवून त्यातले घन पदार्थ 60 टक्क्यांवर आणावे लागतात. म्हणजे 25 टन पाक उरला पाहिजे आणि 75 टन पाणी उडाले पाहिजे. काहिलीच्या रीतीने उडवायचे तर तेवढीच, 75 टन, वाफ खर्ची पडेल. इतके बगॅस उसातून निघतच नाही. म्हणूनच साखर कारखाना हे मुळात काटकसरीने पाणी उडवण्याचे यंत्र आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

या काटकसरीची वाट दाखवली नॉर्बर्ट रिलिए या अभियंत्याने. 1806 साली न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचा जन्म झाला. वडील गोरे, आई कृष्णवर्णीय वंशाची. शिक्षण पॅरिसमध्ये. तेव्हा लुइझियानात उघड्या कढयांची रांग लावून रस आटवत, आणि एका कढईतला उकळता रस पळ्यांनी दुसरीत ओतण्याचे काम गुलामांकडे असे. रिलिएने 1843 मध्ये पेटंट घेतले आणि 1846 मध्ये सुधारित रचनेचे दुसरे. ज्या समाजाला त्याने हे यंत्र दिले, त्याने त्याला बरोबरीचे स्थान कधी दिले नाही. अखेर तो पॅरिसला परतला आणि 1894 मध्ये तिथेच वारला.

त्याची कल्पना मला प्रथम समजली ती मामांमुळे. ते एका कारखान्यात बॉयलिंग हाऊसला होते. एकदा त्यांनी मला चार उंच बंद भांड्यांपुढे उभे केले. कामगार त्यांना 'बॉडी' म्हणतात. मामा म्हणाले, "अरे, वाफ फक्त पहिल्या बॉडीला देतो आम्ही. बाकीच्या तिघी तिच्यावरच जगतात."

ते असे घडते. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली, सुमारे 120 अंशांची वाफ पहिल्या बॉडीतल्या नळ्यांभोवती खेळते आणि नळ्यांतला रस उकळतो. रसातून निघालेली वाफ दुसऱ्या बॉडीच्या नळ्यांभोवती जाते, तिथली तिसऱ्या, तिसरीतली चौथ्या. पण कमी गरम वाफेने पुढचा रस उकळावा कसा? त्यासाठी पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब कमी ठेवतात. शेवटच्या बॉडीत तर निर्वात पंपामुळे रस 55 अंशांच्या आसपासच उकळतो. कमी तापमानामुळे घट्ट झालेला पाक करपत नाही आणि साखरही कमी नासते. अशा रीतीने 1 टन वाफ ढोबळमानाने 4 टन पाणी उडवते, आणि 75 टनांच्या कामाला सुमारे 19 टन वाफ पुरते.

मग दहा बॉडी का नाहीत? कारण 120 ते 55 अंशांचा उतार सगळ्यांना वाटून घ्यावा लागतो. वाटेकरी वाढले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा तापमानातला फरक घटतो, नळ्यांचे क्षेत्रफळ वाढवावे लागते आणि खर्चही वाढतो. त्यामुळे चार किंवा पाच बॉडींचा संच रूढ झाला.

दुसरी काटकसर कच्चा रस तापवण्यात आहे. ताजी वाफ न वापरता दुसऱ्या बॉडीतली 1 टन वाफ त्यासाठी घेतली, तर चार बॉडींच्या संचात अर्धा टन ताजी वाफ वाचते. तिसरीतली घेतली तर पाऊण टन, कारण तिने आधीच तीनदा काम केलेले असते. वाफ निवून झालेले गरम पाणीही वाया घालवत नाहीत. पहिल्या बॉडीतले स्वच्छ पाणी बॉयलरला परत जाते. बाकीच्यांत साखरेचा अंश येऊ शकतो आणि साखर बॉयलरमध्ये गेली की आम्ल तयार होऊन नळ्या खाते. म्हणून ते पाणी तपासतात आणि त्याच्या उष्णतेवर पातळ पत्र्यांच्या उष्णता-विनिमयकात थंड रस तापवतात. धुराड्याकडे निघालेल्या गरम वायूंवर बॉयलरचे पाणी आणि भट्टीची हवा तापवून घेतात.

या साऱ्याचा शत्रू म्हणजे नळ्यांत साचणारा क्षारांचा थर. तो थोडा जरी जमला तरी उष्णता अडते, म्हणून ठरावीक दिवसांनी संच थांबवून कॉस्टिक सोड्याने उकळून नळ्या घासाव्या लागतात. ही साफसफाई टाळली तर तोटा लगेच दिसत नाही, तो बगॅसच्या ढिगात दिसतो.

आणि हा ढीग शेतकऱ्याचा आहे. जुन्या मांडणीत 100 टन उसामागे 50 टनांच्या आसपास वाफ लागे. चांगल्या मांडणीत ती 40 टनांखाली येते. 1 टन बगॅसपासून 2 टनांहून थोडी जास्त वाफ मिळते, म्हणजे 100 टन उसामागे चार-पाच टन बगॅस वाचते. रोज 2500 टन गाळणाऱ्या कारखान्यात ते शंभर टनांवर जाते. त्यावर वीज करता येते किंवा ते विकता येते. रंगराजन समितीने 2012 मध्ये साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमडच्या उत्पन्नातला 70 टक्के वाटा ऊस उत्पादकाला द्यावा असे सुचवले, आणि महाराष्ट्राने 2013 मध्ये त्या धर्तीवर ऊसदराचा कायदा केला. म्हणजे वाचलेली वाफ उसाच्या भावापर्यंत पोहोचू शकते.

आणखी एक गोष्ट कसमादेने विसरू नये. उसाच्या वजनात सुमारे 70 टक्के पाणीच असते, आणि ते बहुतेक याच बॉडींत उडून निवते. ते नीट गोळा केले तर कारखान्याची नदीकडची मागणी पुष्कळ घटते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या तालुक्यात ही गोष्ट लहान नाही.

अर्थात, हे गणित चालते ते गव्हाण भरलेली असेल तरच. बॉयलर थंड पडला की नळ्यांना गंज चढतो आणि शेतकरी कांद्या-डाळिंबाकडे वळतो. पुन्हा ऊस उभा करायला एक हंगाम पुरत नाही. पण कारखाना चालू असो वा नव्याने चालू व्हायचा असो, वार्षिक सभेत सभासदांनी भावाच्या जोडीला एक साधा प्रश्न विचारावा: यंदा 100 टन उसामागे किती टन वाफ लागली? उत्तराचा आकडा एकच असतो, पण चारही बॉडी, नळ्यांची साफसफाई आणि धुराड्यातून गेलेली उष्णता यांचा हिशेब त्यातच असतो.