क्लेम, राइट आणि दाव्याचा आधार

ध्रुवप्रदेशावरचा इंग्रजी उतारा वर्गात आला की अवघड शब्दांची रांगच लागते. क्लेम, ऑक्युपेशन, रेकग्निशन, सॉव्हरिन्टी, ट्रीटी, अ‍ॅक्सेशन. शिक्षक अर्थ फळ्यावर लिहून देतात, मुले ते उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. बर्फाचे खंड कधी न पाहिलेल्या मुलांना हे जड जाणारच, अशी आपण समजूत करून घेतो. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत तरी ही समजूत चुकीची आहे. यातले निम्मे शब्द तिथल्या कितीतरी घरांत, पेटीत जपून ठेवलेल्या कागदांवर आहेत.

‘क्लेम’ घेऊ. आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासींच्या वनहक्कांना मान्यता देणारा कायदा २००६ साली झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाने दावा भरायचा, तो ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचा, तिथून तो उपविभागीय आणि मग जिल्हास्तरीय समितीकडे जातो. दावा टाकला म्हणजे जमीन नावावर झाली असे होत नाही, हे तिथल्या शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. दावा हा ‘क्लेम’, तो मान्य होऊन मिळतो तो ‘राइट’, आणि मान्य करण्याची क्रिया म्हणजे ‘रेकग्निशन’. हा शेवटचा शब्द कायद्याच्या इंग्रजी नावातच आहे. आपला दावा आपण करू शकतो, मान्यता मात्र दुसऱ्याने द्यावी लागते.

आता अंटार्क्टिका. सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटरच्या या खंडावर सात देशांचे दावे आहेत : ब्रिटन, न्यूझीलंड, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे, चिली आणि अर्जेंटिना. फळ्यावर एक वर्तुळ काढा आणि मध्यबिंदूला दक्षिण ध्रुव म्हणा. भाकरीचे मधून चतकोर मोडावेत तसे हे दावे रेखावृत्तांवरून ध्रुवापर्यंत जातात. (नॉर्वेने आपल्या तुकड्याची दक्षिण सीमा बराच काळ सांगितलीच नव्हती.) सर्वांत मोठा, सुमारे ४२ टक्क्यांचा तुकडा ऑस्ट्रेलियाचा. ब्रिटन, चिली आणि अर्जेंटिना यांचे तुकडे एकमेकांवर चढलेले आहेत. पश्चिम रेखांश ९० ते १५० यांमधल्या तुकड्यावर मात्र कोणाचाच दावा नाही. किनाऱ्याचा थोडा भाग पाहिला आणि रेघ थेट ध्रुवापर्यंत ओढली, हे मुलांना अजब वाटेल. त्यांना जव्हारच्या मुकणे घराण्याची दंतकथा आठवायला सांगा. जयबा मुकण्यांनी बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि ते कातडे बारीक वाद्यांत चिरून मोठा मुलूख वेढला. (हीच गोष्ट कार्थेजच्या राणीविषयीही सांगतात.) दाव्याची हद्द वाढवण्याची कला जुनी आहे.

‘ऑक्युपेशन’ हा खरा फसवा शब्द. शाळेच्या अर्जात ‘फादर्स ऑक्युपेशन’ असते, म्हणून मुले त्याचा अर्थ ‘धंदा’ असा पाठ करतात. वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात हाच शब्द ‘ताबा’ या अर्थाने येतो. ताबा दाखवायचा कसा? बांध, विहीर, जुने घर, गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब. वनखात्याने अतिक्रमणाबद्दल पूर्वी केलेल्या दंडाची पावतीदेखील. ज्या कागदाने आजोबांना गुन्हेगार ठरवले, तोच नातवाच्या हाती पुरावा झाला, कारण त्यावर तारीख होती. अंटार्क्टिकात शेती नाही आणि मूळचे रहिवासीही नाहीत. तिथे पुरावे वेगळ्या तऱ्हेने उभे केले गेले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, ब्रिटनने तिथे तळ उभारून टपाल कचेऱ्या उघडल्या. पुढे जानेवारी १९७८ मध्ये अर्जेंटिनाच्या एस्पेरांझा तळावर एक मूल जन्माला आले. अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर जन्मलेले हे पहिले नोंदलेले मूल. एका लष्करी तळावर कुटुंबे नेऊन ठेवण्यामागे हवापालटाचा हेतू नव्हता, हे उघड आहे.

मात्र १९७८ पर्यंत अशा पुराव्याची कायदेशीर किंमत संपली होती. १ डिसेंबर १९५९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या आणि २३ जून १९६१ पासून तो अमलात आला. ६० अंश दक्षिण अक्षांशाच्या खालचा सारा प्रदेश त्यात येतो. यातले चौथे कलम शिक्षकांनी मुळातून वाचावे, इतके ते चतुर आहे. त्यात ‘राइट’, ‘क्लेम’ आणि ‘बेसिस ऑफ क्लेम’ हे तीन शब्द शेजारी शेजारी येतात : हक्क, दावा आणि दाव्याचा आधार. अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांनी दावा केला नव्हता, पण आधार राखून ठेवला होता. म्हणजे अर्ज भरलेला नाही, पावत्या मात्र जपून ठेवल्या आहेत! हे कलम कोणाचा दावा मान्य करत नाही आणि फेटाळतही नाही. करार चालू असेतो नवा दावा करायचा नाही, जुना वाढवायचा नाही, आणि या काळात तिथे केलेले कोणतेही काम दाव्याला आधार ठरणार नाही, एवढेच ते सांगते. दावे ‘फ्रोझन’ आहेत असे पुस्तकांत लिहितात. शब्द समर्पक आहे, पण कराराच्या मजकुरात तो नाही.

मोखाड्यात जमीन कसणे हाच दाव्याचा पाया असतो. अंटार्क्टिकात मात्र साठ वर्षे राबलात तरी दावा तसूभरही पुढे सरकत नाही. म्हणूनच तिथे विज्ञान निर्धास्तपणे चालते. भारताचे ‘मैत्री’ हे १९८९ पासूनचे स्थानक नॉर्वेने दावा केलेल्या भागात आहे, तर २०१२ चे ‘भारती’ ऑस्ट्रेलियाच्या. आपण त्यांपैकी कोणाला भाडे देत नाही.

‘अ‍ॅक्सेशन’चे मराठी जव्हारच्या इतिहासातच सापडते. १९४७ मध्ये संस्थानांनी भारतात सामील होताना जो सामीलनामा लिहून दिला, त्याच्या इंग्रजी नावात हाच शब्द होता. १९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झाले, त्याला इंग्रजीत ‘मर्जर’ म्हणतात. या दोन शब्दांची गल्लत होऊ देऊ नये. इतरांनी आधीच केलेल्या करारात मागाहून सामील होणे म्हणजेही अ‍ॅक्सेशन. भारत अंटार्क्टिक करारात असाच १९ ऑगस्ट १९८३ रोजी आला. मुळात सही करणाऱ्यांना ‘साइन’ आणि ‘रॅटिफाय’ अशा दोन पायऱ्या असतात. पहिली साखरपुड्यासारखी, दुसरी लग्नासारखी.

त्याच वर्षी १२ सप्टेंबरला भारताला ‘कन्सल्टेटिव्ह’ दर्जा मिळाला. येथे शब्दकोश दगा देतो. ‘सल्लागार’ म्हटले की ज्याचे ऐकलेच पाहिजे असे नाही, अशी व्यक्ती डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात निर्णय घेण्याचा अधिकार याच देशांना आहे. बाकीचे सदस्य बैठकीला बसतात, पण त्यांचे मत निर्णयात धरले जात नाही. हा दर्जा मागाहून आलेल्या देशाला तिथे भरीव संशोधन केल्याशिवाय मिळत नाही. भारताची पहिली मोहीम डॉ. कासीम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली होती, ती त्यासाठी कामी आली. आज असे २९ देश आहेत आणि त्यांचे निर्णय सर्वसहमतीने होतात.

वर्गासाठी एक वाक्य देतो : ‘मैत्रीवर भारताचे ऑक्युपेशन १९८९ पासून आहे, म्हणून त्या जमिनीवर भारताचा क्लेम आहे.’ यात चूक कोठे आहे ते मुलांना शोधू द्यावे. मग ‘मैत्री’च्या जागी एखाद्या पाड्याचे नाव आणि भारताच्या जागी तिथल्या कुटुंबाचे नाव घालून, साल २००५ च्या आधीचे ठेवून, तेच वाक्य पुन्हा तपासायला सांगावे.