जनावरे टाळतात ती पाने : अवर्षणप्रवण अंगणातील औषधी पर्णशोभा

सातारा आणि सांगली हे जिल्हे एकमेकांस लागून असले, तरी पर्जन्यमानाच्या दृष्टीने त्यांत अनेक देश सामावलेले आहेत. महाबळेश्वरी वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शंभर किलोमीटर अंतर पुरे होण्याआधीच माण तालुक्यातील दहिवडी लागते आणि तेथे सुमारे ५०० मिलिमीटरवर समाधान मानावे लागते. खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांची स्थिती फारशी निराळी नाही. या पट्ट्यात दवाखाना वा औषधालय चालविणाऱ्या वैद्यबंधूंची एक तक्रार नेहमी कानी येते. अंगणात औषधी वनस्पती लावाव्यात, तर उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. आणि जे पाण्यावाचून तगते ते शेळ्या-मेंढ्या व हरणे राहू देत नाहीत. या दोन्ही अडचणींवर एकच उपाय आहे आणि तो आपल्या शास्त्रातच आहे, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच.

हरणांचा उल्लेख अनेकांस नवलाचा वाटेल. परंतु तो अकारण नाही. माणदेश व जत परिसरातील माळरानांवर चिंकारा आढळतो. पश्चिमेकडे कोयना-चांदोलीच्या जंगलालगत सांबर आणि भेकर आहेत. कडेगाव, पलूस व वाळवा तालुक्यांच्या सीमेवरील सागरेश्वर अभयारण्य तर मानवनिर्मित म्हणूनच प्रसिद्ध आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडे लागली, हरणे सोडण्यात आली आणि १९८५ मध्ये या १०.८७ चौरस किलोमीटर क्षेत्रास अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथील हरणांची संख्या वाढली, तसे कळप कुंपणाबाहेर पडून लगतच्या शिवारात उतरू लागले. चिंकारा व काळवीट यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाचे संरक्षण आहे. त्यांना इजा होईल असा कोणताही बंदोबस्त बेकायदेशीर तर आहेच, शिवाय वैद्याच्या वृत्तीस तो शोभणाराही नाही. तेव्हा लागवडच अशी हवी, की तिला जनावराने आपण होऊन तोंड लावू नये.

टाळण्यामागील कारण

जनावर पान टाळते ते का? ते पान कडू असते, उग्र गंधाचे असते, त्यातून चीक निघतो, त्यास काटे असतात, अथवा ते विषारी असते. यांतील काटे सोडले, तर बाकीची सारी कारणे रस, गंध व वीर्य यांच्याशी निगडित आहेत. वनस्पतीने स्वसंरक्षणार्थ जे द्रव्य पानात साठविले, त्याचाच आपण पुष्कळदा औषध म्हणून उपयोग करतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात म्हटले आहे, की शेळ्या, मेंढ्या व गाई राखणारे लोक वनौषधी नावाने आणि रूपाने ओळखतात. मात्र त्यांचा प्रयोग जाणणारा तो वैद्य. माडग्याळ मेंढीचा हा मुलूख. कोणत्या झुडपास कळप तोंड लावीत नाही, हे येथील मेंढपाळास विचारावे. ती माहिती कोणत्याही रोपवाटिकेच्या पत्रकाहून अधिक भरवशाची ठरेल.

अंगणास योग्य वनस्पती

*अडुळसा (वासा)* : या यादीत अग्रमान याचाच. तमिळमधील ‘आडातोडै’ या नावाची फोड ‘शेळी स्पर्श करीत नाही ते’ अशी सांगतात आणि वनस्पतिशास्त्रातील ‘आढाटोडा’ हे नावही त्यावरूनच आले. लांबट, गर्द हिरवी, समोरासमोर येणारी पाने बाराही महिने टिकतात. फांदीचे वीतभर तुकडे पावसाळ्याच्या आरंभी दोन फुटांवर लावले, की दोन वर्षांत दाट कुंपण तयार होते.

*निर्गुंडी* : तीन वा पाच पर्णिकांची, खालच्या बाजूस रुपेरी झाक असलेली पाने वाऱ्यावर हलू लागली म्हणजे झुडूप दुरूनही शोभून दिसते. उग्र वासामुळे जनावरे दूर राहतात. बांधावरील जिवंत कुंपण म्हणून शेतकरी ती पूर्वापार लावीत आले आहेत. हीही छाटकलमाने सहज येते.

*कोरफड (कुमारी)* : हिची पर्णरंध्रे रात्री उघडतात, त्यामुळे दिवसाच्या उन्हात पाण्याचा ऱ्हास अत्यल्प होतो. मुरमाड जमिनीत, दगडांच्या कडेने हिच्या रांगा फार देखण्या दिसतात. पाणी साचल्यास मात्र मुळे कुजतात.

*कोरांटी (सहचर)* : काटेरी, काटक आणि पिवळ्या फुलांची. बसके कुंपण करावयाचे असल्यास हिच्याइतके सोयीचे झुडूप नाही.

*शतावरी* : पिसासारखी नाजूक हिरवी शोभा आणि जमिनीखाली पाणी साठविणारे कंद. वेलास काटे असले, तरी कोवळ्या कोंबांची शाश्वती नाही. म्हणून हिला निर्गुंडीच्या कुंपणाच्या आत, एखाद्या आधाराजवळ लावावे.

*पानओवा व पानफुटी* : पायरीलगतच्या अर्ध्या सावलीत, कुंडीत किंवा वाफ्यात या दोन्ही मांसल पानांच्या वनस्पती अल्प पाण्यावर वाढतात. पानफुटी काही ठिकाणी पाषाणभेद म्हणून दिली जाते. परंतु आयुर्वेदिक फार्माकोपियात मान्य असलेला पाषाणभेद हिमालयीन असून तो सर्वस्वी वेगळा आहे. औषधालय चालकांनी हा भेद विसरू नये.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करावीशी वाटते. शार्ङ्गधरसंहितेत जी द्रव्ये सदैव ओलीच योजावीत असे सांगितले आहे, त्यांत वासा, शतावरी व सहचर या तिन्हींचा समावेश आहे. म्हणजे केवळ शोभेसाठी लावलेली ही झुडपे वस्तुतः शास्त्राज्ञेचे पालनच होय. बाजारातील वाळलेल्या पाल्यात अडुळशाच्या नावाखाली महारुखाची पाने मिसळली जातात, अशी नोंद द्रव्यगुणाच्या ग्रंथांत आहे. अडुळशाचे पान साधे व अखंड कडेचे असते, तर महारुखाचे संयुक्त असून त्याच्या पर्णिका दंतुर असतात. चुरा झालेल्या मालात हा फरक शोधणे कठीण. दारच्या झुडपावरून पान खुडणाऱ्यास तो प्रश्नच उरत नाही.

लागवड व जोपासना

पूर्वेकडील तालुक्यांत पावसाचा मोठा भाग सप्टेंबरच्या सुमारास पडतो. म्हणून जूनच्या पहिल्या सरीवर विसंबून सारी रोपे एकदम लावू नयेत. निम्मी जुलैत व निम्मी सप्टेंबरात लावावीत. फूटभर खोल खड्ड्यात माती व चांगले कुजलेले शेणखत भरावे. आच्छादनास उसाचे पाचट उत्तम. आपल्या जिल्ह्यांत ते मुबलक असून अनेक ठिकाणी जाळून टाकले जाते. बुडाशी चार बोटे जाडीचा थर दिल्यास ओल टिकते. पहिल्या उन्हाळ्यात रोपाजवळ सच्छिद्र मडके पुरून ते आठवड्यातून एक-दोनदा भरावे. ‘अवर्षणात टिकणारी’ याचा अर्थ पहिल्या वर्षीही पाणी नको असा नव्हे; मुळे खोल गेल्यावरच ती काटकता येते. त्याचप्रमाणे, जनावरे टाळतात म्हणजे कधीच खात नाहीत असेही नव्हे. तीव्र दुष्काळात भुकेले जनावर कडू पानासही तोंड लावते. कोवळ्या रोपांभोवती पहिली दोन वर्षे काटेरी फांद्यांचे कूड ठेवावे, हे बरे.

विवेकाची आवश्यकता

आता या विषयाची दुसरी बाजू. कण्हेर ही अवर्षणसह आणि सदाहरित. गुरे खात नाहीत आणि पाणी कमी लागते, म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांत तिची लागवड केली जाते. परंतु तिच्या सर्वांगात हृदयावर घातक परिणाम करणारे विष असते आणि पान वाळल्यावरही ते कायम राहते. छाटलेला पाला चाऱ्यात गेल्यास जनावर दगावते. पिवळ्या कण्हेरीची बी तितकीच घातक. मोगली एरंडाच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. पानफुटीच्या कुळातील वनस्पती खाऊन ऑस्ट्रेलियात गुरे मेल्याच्या नोंदी आहेत. औषधे नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मध्ये करवीर, धत्तूर, अर्क, स्नुही, दंती ही द्रव्ये विषारी म्हणून नोंदलेली आहेत आणि ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. जी दक्षता बाटलीबाबत आपण घेतो, ती अंगणाबाबत का घेऊ नये?

रुग्णांसमवेत लहान मुले येतात. त्यांची सारी दुनिया हाताच्या उंचीवर असते. हरीण गंधाने सावध होते. मुलास ती उपजत बुद्धी नसते. म्हणून दवाखान्याच्या वा औषधालयाच्या आवारात कण्हेर, धोत्रा, एरंड व मोगली एरंड लावूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. निरुपद्रवी समजल्या जाणाऱ्या वनस्पतींबाबतही सूचना हवी. अडुळसा व कोरफडीचा पिवळा चीक गर्भिणीस वर्ज्य, हे वैद्य जाणतो. पण ‘वैद्यांच्या दारचे आहे, म्हणजे गुणकारीच असणार’ अशा समजुतीने पाने खुडून नेणारी शेजारीण ते जाणत नाही. प्रत्येक झुडपाजवळ मराठी नाव, संस्कृत नाव आणि ‘विचारल्याशिवाय वापरू नये’ अशा तीन ओळींची पाटी लावण्यास फारसा खर्च येत नाही.

वैद्यबंधूंनी व औषधालय चालकांनी येत्या पावसाळ्यात किमान एक रांग अडुळशाची व एक निर्गुंडीची लावावी, अशी आमची विनंती आहे. माळावर हरणे राहोत आणि अंगणात पाने राहोत. दोहोंना पुरेल एवढी जागा या कोरड्या मुलुखातही निश्चित आहे.