आबांचं जुनं लेथ मशीन पुन्हा कसं सुरू केलं? मोबाईल कुठे कामाला आला आणि कुठे अजिबात नाही

तुमच्या घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एखादं जुनं मशीन धूळ खात पडलंय का? आमच्याकडे होतं. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, साडेचार फुटी लेथ. वजन साधारण साडेचारशे किलो. आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते. १९७८ साली त्यांनी ते सेकंडहँड घेतलं आणि गेली १६ वर्षं ते बंद होतं. पप्पांनी भंगारवाल्याला बोलावून किलोचा भावसुद्धा ठरवला होता. मी म्हटलं, "पप्पा, दिवाळीपर्यंत थांबा. चालू झालं नाही तर मीच टेम्पोत चढवून देतो."

हातात चार महिने होते. त्या चार महिन्यांत मी काय केलं, काय चुकलं आणि काय शिकलो, ते इथे सोप्या भाषेत सांगतो.

लेथ म्हणजे नेमकं काय?

ड्रिल मशीनमध्ये टूल फिरतं, लेथमध्ये जॉब फिरतो. ज्या तुकड्यावर काम करायचं तो म्हणजे जॉब. तो चकमध्ये घट्ट पकडून गोल फिरवायचा आणि धारदार टूल हळूहळू पुढे सरकवत त्याची साल काढायची, बटाटा सोलल्यासारखी. डावीकडे जॉब फिरवणारा भाग म्हणजे हेडस्टॉक, उजवीकडे आधार देणारा टेलस्टॉक, खाली बिडाचा सरळ बेड आणि त्यावर टूल घेऊन सरकणारं कॅरेज.

इ.स. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्लीने अचूक आटे कापणारं लेथ बनवलं. एकसारखे स्क्रू बनवता येऊ लागले आणि त्यातूनच पुढची यंत्रं उभी राहिली. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि पुढे १९४१ मध्ये किर्लोस्करांनी कर्नाटकात हरिहरला लेथ बनवणारी कंपनी सुरू केली. आपल्या हातातल्या मोबाईलचे भाग ज्या साच्यांत घडतात, ते साचे बनवणारी मशीनंही याच घराण्यातली.

पायरी १: आधी फोटो, मग पाना

माझा पहिला मोह होता प्लग लावून बघायचा. तो टाळा. १६ वर्षांत वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं असतं आणि बेअरिंगमधलं तेल सुकून गोंद झालेलं असतं.

इथे मोबाईल सगळ्यात जास्त उपयोगी पडला. प्रत्येक भाग खोलायच्या आधी एक फोटो, खोलल्यावर एक आणि भाग ज्या पिशवीत टाकला त्या पिशवीचा एक. गिअरचा क्रम, वॉशर कुठल्या बाजूला होता, हे महिन्याभराने आठवत नाही. माझे ३४० फोटो झाले. जोडताना तेच उलट क्रमाने बघत गेलो.

चक खोलताना खाली बेडवर लाकडी फळी ठेवा. चक निसटून बेडवर पडला तर बेडला कायमचा खड्डा पडतो आणि बोटं मध्ये असतील तर विचारूच नका.

पायरी २: गंज काढणं

बेडवर ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर चालवू नका. गंज निघेल, पण त्याबरोबर बेडचा सपाटपणाही जाईल. मी डिझेल, पितळी ब्रश आणि जुनी सुती कापडं वापरली. आठवडा गेला, पण बेड वाचला. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवायची नाही.

लहान लोखंडी भागांसाठी इलेक्ट्रोलिसिस केलं. प्लॅस्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह वायर गंजलेल्या भागाला, पॉझिटिव्ह वायर टाकाऊ लोखंडी पट्टीला. रात्रीत गंज सुटतो. मात्र दोन गोष्टी पाळा. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हे काम उघड्यावर करा, कारण यात हायड्रोजन वायू तयार होतो. एक ठिणगी पुरे होते.

पायरी ३: स्पिंडल किती हलतंय?

चक ज्या दांड्यावर बसतो तो स्पिंडल. आमच्या मशीनमध्ये त्याला बॉल बेअरिंग नाही, दोन भागांचे गनमेटलचे बुश आहेत. मी स्पिंडलवर डायल गेज टेकवलं आणि चकखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचललं. काटा ०.०९ मिमी हलला. मी खूश, म्हटलं काहीच नाही हे! आबा हसले. "लेका, तेवढ्यात जॉबवर लाटा उठत्यात."

बुशच्या दोन भागांमध्ये दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याचे शिम असतात. बुश झिजला की शिम कमी करायचा. मी दोन्हीकडून ०.०५ मिमीचा एकेक शिम काढला, हालचाल ०.०४ वर आली. तेवढी फट लागतेच, नाहीतर तेलाला जागा राहत नाही आणि बुश तापून स्पिंडलला चिकटतो. नंतर २० मिनिटं मशीन चालवून बंद केलं आणि बुशच्या घरावर तळहात ठेवून पाहिला. कोमट होतं, म्हणजे जमलं.

पायरी ४: थ्री फेज मोटर, घरात सिंगल फेज

ही अडचण बऱ्याच जणांना येते. मोटर १ एचपी, थ्री फेज, ४१५ व्होल्टची. घरात २३० व्होल्ट सिंगल फेज. यावर उपाय व्हीएफडी, म्हणजे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा ड्राइव्ह. पण तो ड्राइव्ह २३० च देतो! मग ४१५ ची मोटर चालणार कशी? मोटरची आतली जोडणी स्टारमध्ये होती. ती डेल्टामध्ये बदलली की तीच मोटर साधारण २४० व्होल्टवर पूर्ण ताकदीने चालते (४१५ ला १.७३ ने भागून पाहा). त्यासाठी मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोकं बाहेर आलेली हवीत. हे काम आणि अर्थिंग मी लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घेतलं. तुम्हीही तेच करा.

ड्राइव्हमध्ये दोन सेटिंग आठवणीने बघा.

- लाईट गेली आणि परत आली की मशीन आपोआप सुरू होता कामा नये. लोडशेडिंगच्या गावात ही एकच सेटिंग हात वाचवते.
- उलटं फिरणं बंद ठेवा. जुन्या लेथचा चक आट्यांवर बसवलेला असतो. उलटा फिरवला तर तो सुटून अंगावर येऊ शकतो.

पायरी ५: मोबाईलची लेव्हल इथे फसवते

लेथचा बेड किंचित जरी पिळला गेला तरी जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघतो. मी मोबाईलमधलं लेव्हल ॲप काढलं, फोन बेडवर आडवा ठेवला. इकडे शून्य, तिकडे शून्य. झालं की काम!

नाही झालं. माझं ॲप ०.१ अंशापर्यंत दाखवतं. ०.१ अंश म्हणजे १ मीटरला सुमारे १.७ मिमीचा उतार. मशीन बसवण्यासाठी वापरतात ती अचूक लेव्हल १ मीटरला ०.०२ मिमी दाखवते. म्हणजे माझा फोन तिच्यापेक्षा ८० पटींहून जास्त ढोबळ. फोनमधला सेन्सर स्क्रीन आडवी-उभी करायला बनवलाय, लेथ बसवायला नाही.

अचूक लेव्हल महाग. मग आबांनी त्यांची जुनी रीत सांगितली. ४० मिमीचा जाड रॉड चकमध्ये धरायचा, दुसऱ्या टोकाला आधार द्यायचा नाही. त्यावर १५० मिमी अंतराने दोन कडी ठेवायच्या आणि टूलची सेटिंग न बदलता दोन्हीवरून अगदी हलका कट घ्यायचा. मग मायक्रोमीटरने मोजायचं. रॉड बारीक असेल तर तोच वाकतो आणि माप फसवं येतं, म्हणून जाड.

माझं माप: चकजवळ ३८.१० मिमी, लांबच्या टोकाला ३८.१४. फोन शून्य म्हणत होता, रॉड खरं बोलत होता.

लांबचं टोक जाड, म्हणजे तिथे टूल जॉबपासून दूर जातंय. उपाय: टेलस्टॉककडच्या पायांपैकी आपल्या बाजूच्या पायाखाली शिम घालायचा. तो पाय उचलला की कॅरेज किंचित मागे झुकतं आणि टूल जॉबकडे जातं. ०.१ मिमीचे दोन शिम घातले, बोल्ट आवळले, परत कट घेतला. फरक ०.०१ वर आला. उरलेला फरक बेडच्या झिजेचा, तो शिमने जात नाही. चकजवळचा बेड सगळ्यात जास्त वापरला जातो, म्हणून तिथेच तो जास्त झिजतो.

पायरी ६: मोबाईलने स्पीड मोजा

इथे मात्र फोनने कमाल केली. चकवर खडूने एक रेघ मारा. फोन स्टँडवर लांब ठेवून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्या. रेघ परत त्याच जागी यायला किती फ्रेम लागतात ते मोजा. मला ७२ लागल्या. २४० भागिले ७२ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला २०० फेरे.

हा वेग बरोबर का? साध्या लोखंडासाठी एचएसएस टूलने मिनिटाला २५ मीटर कटिंग स्पीड धरतात. २५ ला १००० ने गुणा आणि ३.१४ गुणिले जॉबच्या व्यासाने (मिमीमध्ये) भागा. ४० मिमीला उत्तर येतं १९९. जमलं! ड्राइव्हने वेग फार खाली आणू नका, मोटरचा पंखाही हळू होतो आणि मोटर तापते. मोठा बदल पट्टा दुसऱ्या पुलीवर टाकून करा.

आबांचं बोट

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवलीय. पहिल्यांदा मशीन चालवायला गेलो तेव्हा मी ऐटीत हातमोजे घातले होते. आबांनी आधी विचारलं, "चावी कुठाय?" चकची चावी चकमध्येच होती. बटण दाबलं असतं तर ती गोळीसारखी उडाली असती. मग त्यांनी त्यांचा डावा हात पुढे केला. तर्जनीचं एक पेर नाही. लहानपणापासून बघत आलो होतो, कधी विचारलं नव्हतं. "हातमोजा अडकला. मोजा सुटत नाही, हात घेऊन जातो."

त्या दिवसापासून आमच्या शेडचे नियम: फिरत्या लेथवर हातमोजे नाहीत, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात इअरफोन नाही, डोळ्यांवर गॉगल, छिलके हाताने काढायचे नाहीत, चावी हातातून सुटली की ती खुंटीवरच. आणि मशीन चालू असताना हातात मोबाईल नाही.

शेवटी काय झालं?

दिवाळीच्या आठ दिवस आधी पप्पांच्या शेतावरच्या पंपाचा पितळी बुश गेला. दुकानदार म्हणाला, सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. आबा स्टुलावर बसून सांगत होते, मी कापत होतो. पहिला बुश वाया गेला, मी भोक मोठं करून बसलो. दुसरा बसला. संध्याकाळी पाणी सुरू झालं.

पप्पा काही बोलले नाहीत. भंगारवाल्याचा फोन आला तेव्हा एवढंच म्हणाले, "ते राहू दे आता." आणि दुसऱ्या दिवशी शेडला नवीन बल्ब लावून गेले.

तुमच्या घरीही असं मशीन असेल तर आधी ते ज्यांनी चालवलंय त्यांच्याजवळ तासभर बसा. ते सांगतील ते फोनमध्ये रेकॉर्ड करून ठेवा. पाना त्यानंतर उचला.