वार्तापत्राचा बुधवार

सकाळी ६. आज संध्याकाळी थेरपीचा ग्रुप आहे, म्हणून लिहायचं ते आधीच. दीड तास आठ जणांचं ऐकलं की रात्री डोक्यात त्यांचीच वाक्यं फिरत राहतात, आणि ती लेखात उतरायला नकोत. लेख ज्या वार्तापत्रासाठी आहे ते आमच्याच व्यवसायातलं. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते, व्यसनमुक्ती केंद्रांतले समुपदेशक असे त्याचे वाचक. मी पुण्यात बसून लिहिते, पण डोळ्यांसमोर ठेवते तो धाराशिव किंवा वाशीमसारख्या ठिकाणी एकट्याने ग्रुप चालवणारा समुपदेशक. त्याला अडलं तर शेजारच्या खोलीत विचारायला कुणी नसतं. परीक्षेला बसणाऱ्यांसाठी पाठ्यपुस्तकं आहेत; आमचं काम या माणसासाठी लिहिण्याचं.

या अंकाचा माझा विषय म्हणजे सभासदांनी आपापसात काढलेला व्हॉट्सॲप ग्रुप. त्यात थेरपिस्ट नसतो, आणि पुष्कळदा ग्रुपमधले एक-दोन सभासदही नसतात.

लेखाच्या पहिल्या परिच्छेदात मोरेनो, स्लॅव्हसन अशी ग्रुप थेरपीच्या आद्य मंडळींच्या नावांची रांग लागली होती. मोरेनो १९३२च्या सुमारास ‘ग्रुप सायकोथेरपी’ म्हणू लागला, हे खरं. पण ज्याच्या खोलीत आज संध्याकाळी सगळे गप्प बसणार आहेत, त्याला त्याचा काय उपयोग? परिच्छेद काढून टाकला आणि थेट मुद्द्यापासून सुरुवात केली. एका सभासदाला दुसऱ्याचा राग आलाय. तो राग खोलीत बोलायचा, तर रात्री अकरा वाजता तिसऱ्याला फोनवर सांगून मोकळा होतो. पुढच्या बुधवारी त्याच्याकडे बोलायला काही उरत नाही. ज्याच्यावर राग होता त्याला कळत नाही की दोघं आपल्याकडे असं का बघतायत. आणि थेरपिस्ट समजतो, ग्रुप ‘स्थिरावला’.

८ ते ९.३०. घर. डबा, गॅसवाला, सोसायटीचं पाणी.

सकाळी १०. क्लिनिक. बुधवारी सकाळी एकेकटे येणारे पेशंट असतात. त्यांच्याबद्दल इथे लिहायचं काही नाही.

११.१५. दोन अपॉइंटमेंटच्या मध्ये संपादकांचा फोन. वयाने, अनुभवाने मोठे. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणतो.

“काय गं, कुठवर आलंय?”

“निम्मं झालंय, सर. चौकटही देते दुपारपर्यंत.”

“लेखात एखादी केस टाक. केस असली की लोक वाचतात.”

“चालू ग्रुपमधली नाही टाकणार, सर.”

“अगं, नावं बदल की!”

पेशंट दाराशी आला होता, म्हणून वाद तिथेच राहिला. सरांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. केस असलेला लेख आधी वाचला जातो, हा अनुभव माझाही आहे.

दुपारी १. जेवता जेवता चौकट लिहिली. दीडशे शब्दांत जोसेफ प्रॅट. हा मनोविकारतज्ज्ञ नव्हता, साधा फिजिशियन होता. १९०५मध्ये बोस्टनला त्याने क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग सुरू केला. सॅनटोरियमचा खर्च झेपणार नाही अशी ही माणसं, त्यामुळे उपचार घरीच, उघड्या हवेत आणि सक्तीच्या विश्रांतीत. पैशाची मदत एका चर्चने केली. आठवड्यातून एकदा सगळे जमत. प्रत्येकाच्या वहीत रोजचं तापमान, विश्रांतीचे तास. वजन भरलं की ते सगळ्यांसमोर सांगायचं. प्रॅटचा मूळ हेतू वेळ वाचवण्याचा होता, तेच ते प्रत्येकाला वेगळं कशाला सांगा? पण ज्याचं वजन वाढलं त्याच्याकडे बघून बाकीच्यांना हुरूप येतो, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ग्रुप थेरपीचा इतिहास बहुतेक ठिकाणी या वर्गापासून सांगितला जातो. मला ही गोष्ट आवडते, कारण तिच्यात सिद्धान्त शेवटी येतो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत गर्दी आहे म्हणून नाइलाजाने ग्रुप घेणाऱ्या आपल्या मंडळींना प्रॅट जवळचा वाटावा. गर्दीमुळे सुरू झालेला ग्रुप दुय्यम असतो, ही त्यांच्या मनातली समजूत जावी एवढ्यासाठी ती चौकट.

दुपारी २. खरं लिहिण्याची वेळ ही. क्लिनिक साडेचारपर्यंत रिकामं असतं.

सरांचं ‘नावं बदल की’ अजून कानात आहे. एकट्या पेशंटवर लिहिताना वय, गाव, नोकरी बदलली की शेजाऱ्यापाजाऱ्यांना पत्ता लागत नाही. त्याने स्वतःला ओळखलंच, तर तो प्रश्न त्याच्या-माझ्यातला. ग्रुपचं गणित निराळं. खोलीत काय घडलं हे आठही जणांनी पाहिलेलं असतं. बँकेतल्या बाईंना मी शाळेत नेमलं, सांगलीचं सोलापूर केलं, तरी ‘त्या खुर्ची सरकवून उठून गेल्या’ एवढं वाक्य वाचलं की उरलेले सात जण ओळखणारच. ज्यांच्यापासून लपवायचं, तेच साक्षीदार. आणि वार्तापत्र व्यावसायिकांपुरतं असलं तरी आता त्याची पीडीएफ निघते; ती कुणाच्या फोनवर जाऊन पोचेल सांगता येत नाही.

मग संमती घ्यावी, असं कुणी म्हणेल. चालू ग्रुपमध्ये संमती मागणं हीच एक घटना होऊन बसते. थेरपिस्टला नाही म्हणणं अवघड. एकाने हो म्हटल्यावर दुसऱ्याला नाही म्हणणं त्याहून अवघड. आणि कुणी नाही म्हणालंच, तर पुढची सेशन्स त्या नकाराभोवती फिरणार. उपचारासाठी आलेल्या माणसांवर माझ्या लेखाचं ओझं कशाला?

कायदा इथे निम्म्यापर्यंतच पोचतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातलं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, आणि ती पाळण्याचं बंधन उपचार करणाऱ्यांवर घालतं. शेजारच्या खुर्चीतल्या सभासदाला ते बांधत नाही. सभासदांनी एकमेकांचं गुपित राखायचं ते पहिल्या दिवशी दिलेल्या शब्दावर. माझा व्हॉट्सॲपचा मुद्दा या जागी येऊन बसतो. तोंडी कुजबुज विरून जाते, स्क्रीनशॉट राहतो. हे वाक्य लेखात ठेवलं.

लेखातला प्रसंग मी कल्पित घेतला आणि ‘हा प्रसंग कल्पित आहे’ असं पहिल्याच ओळीत लिहिलं. प्रसंग बनावट असला तरी यंत्रणा खरी असावी लागते, आणि ती जमली की नाही हे ग्रुप चालवणाऱ्या वाचकाला दोन परिच्छेदांत कळतं. त्याला फसवता येत नाही, म्हणून कल्पित प्रसंग लिहायला खऱ्याहून जास्त वेळ लागतो.

पुढे उपाय. बंदी घाला, असं म्हणणं सोपं आहे. पण तालुक्याच्या गावात सभासद एकाच एसटीने येतात, एकाच बाजारात भेटतात. बंदी घालून काय होणार? लपून बोलतील. अर्विन यालोम यांचं ग्रुप थेरपीवरचं पुस्तक १९७०पासून आमच्या शिक्षणाचा पाया आहे, आणि या बाबतीत त्यांचं म्हणणं मला पटतं. सभासद बाहेर भेटले यापेक्षा ते ग्रुपपासून लपवून ठेवलं, यात नुकसान जास्त. म्हणून पहिल्याच सेशनमध्ये ठरवायचं, की बाहेर जे बोललात ते आत आणायचं. व्हॉट्सॲप ग्रुप उघडकीला आला तर ‘कुणी काढला?’ हा शाळामास्तरी प्रश्न विचारू नका. तिथे असं काय बोलता येतं जे इथे येत नाही, हे विचारा. उत्तर बहुधा थेरपिस्टबद्दल असतं. आणि ज्यांना त्या ग्रुपमध्ये घेतलेलं नाही, त्यांच्या चेहऱ्यांकडे त्या वेळी लक्ष असू द्या.

एक अपवाद ठळक लिहिला, नाहीतर व्यसनमुक्तीतले वाचक मला फाडून खातील, आणि ते बरोबरच असेल. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसमध्ये बाहेरचा फोन हाच उपचार आहे. ती संघटनाच फोनमधून उभी राहिली म्हणा ना. १९३५च्या मे महिन्यात, ओहायोतल्या ॲक्रन गावच्या एका हॉटेलात, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, बिल विल्सन, याला पुन्हा प्यायची तलफ आली. कुणीतरी दुसरा पिणारा बोलायला मिळावा म्हणून तो धर्मगुरूंना फोन करत सुटला, आणि त्या धाग्याने दुसऱ्या संस्थापकापर्यंत, डॉ. बॉब स्मिथपर्यंत, पोचला. स्वमदत गटात रात्री दोनचा फोन माणसाला वाचवतो. मानसोपचाराच्या ग्रुपमध्ये तोच फोन खोलीतलं काम बाहेर नेतो. आपण दोन्हींपैकी काय चालवतोय हे ठाऊक नसलेला थेरपिस्ट दोन्हीकडचे नियम मिसळतो, आणि आपल्याकडे ही मिसळ फार आहे.

४.३०. दुसऱ्या एकाचा लेख तपासायला आलाय. त्यात मनोविश्लेषक विल्फ्रेड बियॉन सरसकट इंग्रज म्हणून संपवलाय. समासात लिहिलं: जन्म मथुरेचा, १८९७; आठव्या वर्षी शाळेसाठी विलायतेला. त्याच लेखात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयातला बियॉनचा ग्रुपचा प्रयोग ‘अत्यंत यशस्वी’ म्हटलाय. तो १९४२-४३च्या हिवाळ्यात सहा आठवड्यांत गुंडाळला गेला. लष्करी शिस्तीत तो बसला नाही. फुक्स आणि इतरांनी पुढे तिथेच निराळ्या पद्धतीने काम उभं केलं, पण ते आधीचा प्रयोग कोसळल्यावर. आपल्या लेखकांना हे अपयश लिहायला का जड जातं कुणास ठाऊक. वार्तापत्रात येणारे सगळे ग्रुप उत्तम चालतात. बंद पडलेल्या ग्रुपवर कुणी लिहीत नाही.

५.३० ते ७. ग्रुप. वर जे लिहिलं ते मलाही लागू आहे, तेव्हा या दीड तासाबद्दल एक ओळही नाही.

७.१५. सहथेरपिस्टबरोबर चहा आणि नोंदी. कोण काय म्हणालं यापेक्षा आम्ही दोघं कुठे घाईने बोललो, ते आधी लिहितो. वही कपाटात, कपाटाला कुलूप. लेखाच्या लॅपटॉपवर या नोंदी येत नाहीत.

रात्री ९.३०. शेवटचा हात. हजारावर गेलेले शब्द आठशेवर आणले. ‘प्रक्रिया’ हा शब्द जिथे जिथे होता तिथून काढला, कारण काही सुचलं नाही की आम्ही तो वापरतो. सरांना मेल केला. दहा मिनिटांत उत्तर आलं: “कल्पित चालेल. पण ती ‘कल्पित’ची ओळ खाली घे.” मी वरच ठेवा म्हटलं, आणि ते मानले.

पुढच्या अंकाचा विषय साडेचारला तपासलेल्या त्या लेखावरून ठरला: बंद पडलेला ग्रुप. जिल्ह्या-तालुक्यात ग्रुप चालवणाऱ्या सहकाऱ्यांनी लिहावं. आठशे शब्द पुरेत. वाक्यं ओबडधोबड असली तरी पाठवा, ती नीट करायला आम्ही आहोत. मात्र चालू ग्रुपमधला प्रसंग असेल तर लेख परत येईल, मग तो कितीही चांगला असो.