बंदासिंगांच्या रुपयावरील फार्सी लेख

नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगांची भेट झाल्यावर बंदासिंग बहादूर पंजाबात गेले. मे १७१० मध्ये त्यांनी सरहिंद जिंकले. १७१६ साली दिल्लीत त्यांना देहदंड देण्यात आला. या अल्पजीवी बंडातील मानले जाणारे चांदीचे रुपये अत्यंत दुर्मिळ आहेत. त्यांवरील लेख गुरुमुखीत नसून फार्सीत आहे. तोही मोगल नाण्यांच्या रूढीप्रमाणे पद्यबद्ध. मात्र बादशहाच्या नावाच्या जागी गुरू नानक आणि गुरू गोविंदसिंग यांची नावे येतात. खुद्द बंदासिंगांचे नाव त्यात नाही.

शिवाजी महाराजांच्या होनावर आणि शिवराईवर देवनागरी आली. तेथे लिपीनेच सत्तेचे वेगळेपण प्रकट झाले. येथे भाषा आणि रचनाबंध प्रस्थापितांचाच राहिला, सार्वभौमत्वाचा धनी तेवढा बदलला. व्यवहारात नाणे ओळखीचे वाटावे, हे त्याचे एक कारण संभवते. परंतु ओळखीच्या साच्यामुळेच त्यातील अनोळखी नाव वाचकाच्या ठळकपणे नजरेत भरते. म्हणून केवळ फार्सीत आहे एवढ्यावरून हा लेख पंजाबी वाङ्मयेतिहासाबाहेर ठेवणे योग्य ठरणार नाही.