चार हजार मीटर उंचीचं ताट

पेरू देशातल्या लिमाच्या बारांको भागात ‘सेंत्राल’ या रेस्टॉरंटमध्ये पदार्थांची मांडणी उंचीनुसार होते. एक पदार्थ समुद्राच्या पोटातला, दुसरा अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला, तिसरा चार हजार मीटरवरच्या पठारावरचा. विर्हिलिओ मार्तिनेस आणि पिआ लेओन या शेफ दांपत्याचं हे रेस्टॉरंट २०२३ मध्ये ‘वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट’च्या यादीत पहिलं आलं. २०२५ मध्ये तो मान पुन्हा लिमातच आला, मित्सुहारु त्सुमुरा यांच्या ‘माइदो’ला. या यशात शेफमंडळींचा वाटा मोठा आहेच. पण त्याची मुळं डोंगरातल्या शेतांत, मासळीच्या धक्क्यांवर आणि परदेशांतून आलेल्या मजुरांच्या चुलींवर आहेत. पेरूचं जेवण खऱ्या अर्थानं कळतं तेही तिथेच.

सुरुवात भूगोलापासून करावी लागते. पश्चिमेला प्रशांत महासागर, मधोमध अँडीजची रांग आणि पूर्वेला अ‍ॅमेझॉनचं खोरं. किनाऱ्यालगत वाहणारा हुम्बोल्ट हा थंड प्रवाह खोल पाण्यातली पोषकद्रव्यं वर आणतो, म्हणून हा समुद्र मासळीनं भरलेला असतो. पर्वतावर जसजसं चढावं तसतशी पिकं बदलतात: खाली मका, वर किन्वा आणि त्याहून वर बटाटा.

बटाटा इथलाच. टिटिकाका सरोवराच्या परिसरात काही हजार वर्षांपूर्वी तो लागवडीखाली आला. आज अँडीजमध्ये त्याचे चार हजारांहून अधिक देशी वाण आहेत. जांभळे, लाल, काळसर, बोटासारखे लांब आणि गाठीगाठींचे. १९७१ मध्ये लिमात स्थापन झालेलं आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र हे वाण जपतं, आणि कुस्कोजवळच्या पिसाकमधल्या ‘बटाटा उद्याना’त केचुआ शेतकरी ते प्रत्यक्ष पिकवतात. डोंगरातली माणसं रात्रीच्या हिमात बटाटे गोठवतात, दिवसा उन्हात ठेवतात, पायांनी तुडवून त्यातलं पाणी काढतात आणि वाळवतात. असा ‘चुन्यो’ वर्षानुवर्षं टिकतो. शीतकपाट नसलेल्या काळात दुष्काळाला तोंड देण्याची ही तजवीज होती.

महाराष्ट्राच्या उपवासाच्या ताटाशी अमेरिका खंडाचं जुनं नातं आहे. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि राजगिरा ही चारही पिकं मूळची तिथलीच. पेरूत राजगिऱ्याच्या कुळातल्या ‘किविचा’च्या लाह्या करतात, आणि त्या पाकात घालून वड्याही थापतात.

पेरूची ओळख बनलेला पदार्थ मात्र किनाऱ्यावरचा. ताज्या कच्च्या माशाचे तुकडे, लिंबाचा रस, मीठ, मिरची आणि लाल कांद्याच्या पातळ चकत्या, सोबत उकडलेलं रताळं आणि टपोऱ्या दाण्यांचा मका: हे झालं ‘सेविचे’. लिंबू आणि कांदा स्पॅनिश लोकांनी आणला, मासा आणि मिरची इथली. २०२३ मध्ये युनेस्कोनं सेविचेच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. सेविचे दुपारी खायचं. सकाळी धक्क्यावर उतरलेला मासा दुपारपर्यंत संपवायचा हा जुना शिरस्ता असल्यानं कित्येक सेविचेरिया संध्याकाळ होण्याआधीच बंद होतात.

या स्वयंपाकघरात भर घातली ती बाहेरून आलेल्यांनी. १८४९ पासून चिनी करारबद्ध मजूर उसाच्या आणि कापसाच्या मळ्यांवर राबायला आणले गेले. त्यांच्या कढईतून ‘चिफा’ नावाची पाकशैली जन्मली. मोठ्या आचेवर सोया सॉस, कांदा, टोमॅटो घालून परतलेलं गोमांस आणि त्यात बटाट्याच्या तळलेल्या फोडी, सोबत भात: हा ‘लोमो साल्तादो’ आज घराघरांत होतो. १८९९ मध्ये ‘साकुरा मारू’ जहाजातून ७९० जपानी आले. त्यांच्या वंशजांनी मासा कापण्याची जपानी नजाकत आणि इथली पिवळी मिरची एकत्र आणून ‘निक्केई’ पाकशैली घडवली. ‘माइदो’ हे तिचंच शिखर. १८५४ पर्यंत गुलामीत राहिलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी, मालकांना नको असलेल्या अवयवांतून, निखाऱ्यावर भाजलेल्या गोहृदयाच्या ‘आंतिकुचो’ला लिमाच्या रस्त्यांवर रुजवलं.

हे सगळं घरात आणि रस्त्यावर पिढ्यान्‌पिढ्या होतं, पण लिमाच्या प्रतिष्ठित हॉटेलांत मान होता फ्रेंच जेवणाला. गास्तोन आकुरिओ आणि त्यांच्या पत्नी आस्त्रिद गुत्शे यांनी १९९४ मध्ये उघडलेलं ‘आस्त्रिद इ गास्तोन’ही आधी फ्रेंच पदार्थच देत असे. काही वर्षांत ते देशी जिनसांकडे वळले आणि एक पिढी त्यांच्यामागे आली. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘मिस्तुरा’ महोत्सवात नामांकित शेफ, हातगाडीवाले आणि शेतकरी एकाच मैदानात उभे राहिले. लिमाच्या सीमेवरच्या पाचाकुतेक या गरीब वस्तीत आकुरिओ यांनी पाकशाळा काढली. हे काम पुरस्कारांहून मोलाचं आहे, कारण त्यानं स्वयंपाकाला त्या वस्तीतल्या मुलांची वाट बनवलं.

लिमात जाणाऱ्यानं पहिली सकाळ सुर्कियोच्या बाजाराला द्यावी. तिथं लुकुमा आणि चिरिमोया ही फळं, नाना रंगांच्या मिरच्या आणि बटाटे एका फेरीत पाहायला मिळतात. दुपारी मिराफ्लोरेसमधल्या ‘ला मार’मध्ये सेविचे, एखाद्या संध्याकाळी कापोन रस्त्यावरच्या चिनी वस्तीत चिफा. दक्षिणेत आरेकिपाला ‘पिकांतेरिया’ चुकवू नयेत. पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी चालवलेल्या या खाणावळींत लाकडाची चूल, मक्याची आंबवलेली ‘चिचा’ आणि सारण भरलेली तिखटजाळ ‘रोकोतो’ मिरची असते. कुस्कोच्या सान पेद्रो बाजारात सूप आणि रस थेट बाकावर बसून घ्यावेत.

परदेशातही ही चव दूरवर पोचली आहे. टोकियोत मार्तिनेस यांचं ‘माझ’ २०२२ पासून आहे, सॅन फ्रान्सिस्कोत ‘ला मार’ची शाखा आहे, तर दुबईत ‘कोया’. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत पॅटरसन शहराचा एक भाग ‘लिटल लिमा’ म्हणूनच ओळखला जातो. तिथं पेरूच्या स्थलांतरितांसाठीच रांधलेलं साधं जेवण मिळतं. त्यात अग्रभागी असतो ‘पोयो आ ला ब्रासा’, म्हणजे निखाऱ्यावर फिरवून भाजलेली कोंबडी. १९५० च्या सुमारास लिमाजवळ रोजर शूलर या स्विस गृहस्थांनी ती सुरू केली.

शाकाहारी पाहुण्यांनी लिंबू-मिरची घातलेल्या पिवळ्या बटाट्याच्या थरांचं ‘काउसा’ अ‍ॅव्होकॅडोचं सारण घालून मागावं. चीज आणि पिवळ्या मिरचीच्या सॉसमधले ‘पापा आ ला वांकाईना’ बटाटे घेताना वरचं उकडलेलं अंडं काढायला सांगावं. सोबत जांभळ्या मक्यापासून दालचिनी-लवंग घालून केलेलं ‘चिचा मोरादा’ हे बिनदारूचं सरबत, आणि शेवटी लुकुमाचं आइसक्रीम.