ऑफिसचा संगणक आणि घरचा निरोप

ऑफिसच्या वेळेत आपण सगळेच कधी ना कधी घरचं काम करतो. विजेचं बिल भरतो, मुलाच्या शाळेचा मेसेज बघतो. संगणक मालकाचा, वेळही पगारी. मग मालकाने डोकावून पाहिलं तर त्यात अन्याय कसला?

यासाठी आपण रोमानियातला एक खटला पाहू. बार्बुलेस्कू नावाचे अभियंते बुखारेस्टच्या एका खाजगी कंपनीत विक्रीचं काम पाहत. ग्राहकांशी बोलण्यासाठी कंपनीनेच त्यांना याहू मेसेंजरवर खातं उघडायला सांगितलं होतं. खाजगी वापराला मनाई होती आणि हे त्यांना ठाऊक होतं. जुलै २००७ मध्ये, ५ ते १३ तारखेदरम्यान, कंपनीने त्यांचे संदेश नोंदवले. ‘मी कामापुरतंच वापरलं’ असं त्यांनी लेखी दिलं. तेव्हा कंपनीने ४५ पानी उतारा पुढे ठेवला. त्यात भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी केलेलं अगदी खाजगी बोलणं होतं! १ ऑगस्टला नोकरी गेली.

रोमानियातल्या न्यायालयांत ते हरले. २०१६ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयातही हरले. पण ५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल फिरवला.

इथे नीट लक्ष द्या. खाजगी गप्पा हा कामगाराचा हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. नियम मोडला का, हा एक प्रश्न. तो तपासताना मालक कुठवर जाऊ शकतो, हा दुसरा. रोमानियातल्या न्यायालयांनी हा दुसरा प्रश्न नीट तपासलाच नव्हता. नजर ठेवणार हे आधी सांगितलं होतं का? संदेश गेल्याची नोंद पुरली असती, की मजकूर वाचणं गरजेचंच होतं? त्यामागे ठोस कारण होतं का? सौम्य उपाय नव्हता का?

त्या निकालाच्या बाराच दिवस आधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला. मात्र हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध चालतो. उलट २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवायही माहिती हाताळण्याची मुभा मालकाला ठेवली आहे. युरोपचा निकाल इथे बंधनकारक नाही. म्हणूनच हे प्रश्न आपणच, नेमणूकपत्रावर सही करण्याआधी, विचारायला हवेत. आणि आपण साहेब असू तर कुणाचा संगणक उघडण्याआधी स्वतःलाही.